उलटा ग

मी ‘ग’ हे अक्षर कात्रीवरून शिकले आणि त्यापायी शाळेत पहिल्याच आठवड्यात भली मोठी लाल फुली खाल्ली. आमच्या घरात जिकडेतिकडे कात्र्या, आणि प्रत्येक कात्रीच्या पात्यावर, खिळ्याच्या जरा खाली, ‘गट्टी’ हा शब्द. त्यातला ग उलटा. दांडी डावीकडे, आकडा उजवीकडे, आरशात बघावं तसा. मी तो तसाच गिरवला. बाईंनी वही वर्गाला दाखवली, वर्ग खो-खो हसला, आणि घरी येऊन मी बाबांवर उखडले.

बाबा म्हणाले, “अगं, सरळ ग ट्टीकडे पाठ करून उभा असतो. पाठ फिरवून कधी कुणाची गट्टी होते का? म्हणून मी त्याला वळवला. आता बघ, तोंडाला तोंड.”

हीच गोष्ट ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक शिंप्याला ऐकवत. कापणाऱ्या वस्तूचं नाव गट्टी कसं, कट्टी ठेवा, असं कुणी चेष्टेने म्हटलं की कात्री उघडून दोन्ही पाती दाखवत. “ही दोघं भांडली तर कापड चावतात. गट्टी असली तरच कापतात.” झालं, शिंपी खूश, बाबा त्याहून खूश. आई आतून म्हणे, “एका अक्षराचं केवढं कौतुक! ‘ग’ची बाधा झालीय नुसती.”

बाबांचं आयुष्य म्हणजे आमचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, धार लावायच्या दोन सहाणा, एक भट्टी, एक खिडकी आणि खिडकीखाली बाबांचं लाकडी टेबल. चौथीनंतर शाळा सोडलेला हा माणूस. कात्री तयार झाली की ओला पातळ कागद घ्यायचा, डोळे मिटायचे आणि कापत जायचं. कागद फाटण्याची गोष्टच सोडा, आवाज जरी कुठे अडखळला तरी ती कात्री परत सहाणेवर. मी एकदा म्हटलं, गिऱ्हाईक काही कान लावून कापत नाही. तर म्हणाले, “मी कुठे गिऱ्हाइकासाठी ऐकतोय?” असा हट्टी. नाव नोंदवून घ्या, ट्रेडमार्क काढा, असं बाजारातल्या दहा जणांनी सांगितलं. “माझंच नाव मला कशाला नोंदवायला हवं?” हे दहाही जणांना उत्तर.

आणि मी त्यांच्याही वरताण. चार वर्षांपूर्वी सगळा व्यवहार माझ्या हातात आला, तेव्हा पहिलं काम काय केलं, तर ग सुलटा केला. ती लाल फुली माझ्या मनातून गेली नव्हती. नवीन ठसा बनवून घेतला, नवीन खोकी छापली आणि बाबांचा जुना ठसा चिंधीत गुंडाळून खणात टाकला. बाबांनी दोन दिवस ओला कागद हातात घेतला नाही, एवढंच. मला वाटलं, म्हातारपण.

मग एक दिवस आमचा जुना शिंपी आला. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासूनचा. नवी कात्री टेबलावर आपटून म्हणाला, “पोरी, नकली माल विकायला लागलीस?”

मी चाट पडले. “नकली?”

“हिचा ग सरळ आहे. खरी ही बघ.” त्याने पिशवीतून दुसरी कात्री काढली. गट्टी. उलटा ग. नवी कोरी, आणि आमच्याकडची नव्हे.

“ही कुठून आणलीत?”

“तुझ्या मामाच्या दुकानातून.”

मामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ. विसाव्या वर्षी बाबांच्या हाताखाली आला, चौदा वर्षं सहाणेवर बसला आणि मग एक दिवस चकार शब्द न काढता वेगळा झाला, स्वतःचं दुकान टाकलं. येणंजाणं राहिलं, पण मामा दारात दिसला की आईचं एक वाक्य ठरलेलं: “आला बाई! याच्या हाती निरोप द्या, म्हणजे झालंच.” ही माझ्या जन्माच्या वेळची गोष्ट. बाळंतपणात आईचं रक्त थांबेना, डॉक्टरांना नवऱ्याची सही हवी होती. तिथे मामा एकटाच होता, त्याला कारखान्यात पिटाळलं. पंधरा मिनिटांची वाट. बाबा आले ते तासाभरानंतर. निरोप उशिरा मिळाला, असं बाबा म्हणाले. मामाने तोंडातून ब्र काढला नाही. त्या एका तासाचं खापर आईने भावाच्या डोक्यावर फोडलं, ते एक्केचाळीस वर्षं फोडतच राहिली. मामा दर वेळी खाली मान घालून चहा पीत असे आणि निघून जात असे.

त्याच मामाने आमचं नाव उचललं होतं. मी तशीच उठून वकील गाठली. वकीलबाई माझ्याहून वयाने लहान, पण आवाज असा की समोरच्याने आपोआप नीट बसावं. त्यांनी संगणकावर शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

“तुमच्या मामांनी हेच चिन्ह नोंदणीला टाकलंय. उलट्या ग सकट. नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापूनसुद्धा आलंय. हरकत घ्यायला अकरा दिवस उरलेत.”

“नाही घेतली तर?”

“तर गट्टी त्यांची. मग तुम्ही ग सरळ घाला नाहीतर आडवा घाला, शब्द तोच राहतो. नोटीस तुम्हालाच येणार. काकांना, म्हणजे तुमच्या बाबांना, स्वतःच्या कात्रीवर गट्टी म्हणून ठसा मारता येणार नाही.”

बाबा बहात्तरचे. त्यांच्या हातातून ओला कागद काढून घेतला तरी ते जगतील, पण हे काढून घेतलं तर काय होईल, याचा विचारसुद्धा करवेना.

हरकत वेळेत दाखल झाली आणि काही आठवड्यांनी मामाचं उत्तर आलं. वकीलबाईंनी ते मोठ्याने वाचलं. गट्टी हे नाव आणि त्यातला उलटा ग ही मामाचीच कल्पना. मेहुण्याच्या कारखान्यात असताना त्यानेच सुचवली, त्यानेच कोरली. कारण? सरळ ग ट्टीकडे पाठ करून उभा असतो, म्हणून वळवला. तोंडाला तोंड. मेहुण्यांनी चार वर्षांपूर्वी ते चिन्ह टाकून दिलं, मामाने मात्र जपलं.

मी ओरडलेच. “ही तर बाबांची गोष्ट! शब्द न् शब्द!”

“तेच तर अडचणीचं आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “दोघांची गोष्ट एक. जुन्या कात्र्या शिंप्यांकडून गोळा करता येतील, पण त्या निघाल्या तेव्हा मामाही त्याच खोलीत होते. आणि चिन्ह टाकून दिल्याचा मुद्दा तर तुम्ही स्वतःच त्यांच्या हातात आयता दिलात. आता ठसा कुणी कोरला, कुठल्या दिवशी, समोर कोण होतं, हे काकांनी शपथेवर सांगायला हवं. पुराव्याला दोन महिने आहेत.”

जुना ठसा मी खणातून काढून नेला होता. त्यांनी तो भिंगाखाली धरला, बराच वेळ फिरवला. “ट्टी किती खोल आणि स्वच्छ आहे बघा. ग उथळ, कडा ओरबाडलेल्या. ताई, हा ग घाईत कोरलाय. मुद्दाम उलटा करणारा माणूस अशी घाई करत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन गेले. वकीलबाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला. बाबांनी तोंडाला तोंड सुरू केलं. वकीलबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काका, हे दुकानात ठीक आहे. मला खरं सांगा.”

बाबा उठले, चपला घातल्या आणि चालू लागले. मला जिन्यात गाठावं लागलं त्यांना.

त्यानंतरचे आठ आठवडे मी कसे काढले, माझं मला माहीत. मी गोड बोलले, रागावले, रडूनसुद्धा दाखवलं. हा माणूस मूग गिळून बसलेला. कारखान्यात जाऊन एकच पातं सहाणेवर धरून बसायचे. घासून घासून ते पातं सुरीएवढं अरुंद झालं तरी थांबेनात. “तुम्हाला नाव जायला हवंय का?” मी एकदा तोंडावर विचारलं. म्हणाले, “नाव गेलेलं परवडेल.” कशापेक्षा परवडेल, ते सांगेनात. मी इतकी चिडले की हातातला डबा त्यांच्या टेबलावर आदळला. आईचा सगळा राग भावावर. “पहिल्यापासून असाच आहे तो. साधा निरोप वेळेवर देता आला नाही, तो काय ठसे कोरणार!” हे ऐकलं की बाबा पानावरून उठत.

मुदत संपायला एक दिवस राहिला. सकाळी बाबा कपडे करून दारात उभे. मला म्हणाले, “चल. आणि हिलाही घे.”

“आईला कशाला?”

“घे म्हटलं ना.”

वकीलबाईंच्या खोलीत तीन खुर्च्या. आई मधे बसली, पिशवी मांडीवर घेऊन. टेबलावर तो ठसा होता. बाबांनी तो उचलला आणि आमच्यापैकी कुणाकडेच न बघता बोलायला लागले.

“पोरीच्या जन्माच्या दिवशी कोरला. ठशावर शब्द उलटा कोरावा लागतो, तेव्हा कुठे पात्यावर सुलटा उमटतो. डावीकडून सुरुवात केली होती. ट्टी झाली, बरोबर उलटी. ग राहिला होता, तेवढ्यात हिचा भाऊ आला. धापा टाकत. साडेतीन वाजले होते. म्हणाला, मुलगी झाली, पण ताईचं रक्त थांबत नाहीये, सहीला चला.”

आईने मान वळवली. “किती वाजले होते?”

“साडेतीन. निरोप वेळेवर पोचला होता.”

“मग?”

बाबांनी ठसा मुठीत धरला. “उठवेना मला. उठलो, तिथे गेलो आणि कुणी म्हणालं की ती गेली, तर? इथे बसलोय तोवर कोण सांगणार आहे मला? ग पुरा होईपर्यंत काही वाईट होणार नाही, असंच डोक्यात बसलं. कोरत राहिलो. तो माझा हात धरून ओढत होता, रडत होता, मी कोरतोच आहे. काय कोरतोय ते दिसत नव्हतं. हात सवयीने गेला, सरळ ग काढला. चाळीस मिनिटं. मग उठलो. वाटेत त्याला शपथ घातली, ताईला सांगू नकोस.”

मी विचारलं, “आणि तोंडाला तोंड?”

“ते नंतर सुचलं. ठसा मारून पाहिला तेव्हा.”

मला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, “काका, हे लिहिलं की शपथेवर चूक कबूल केल्यासारखं होईल. सुनावणीत सगळ्यांसमोर वाचलं जाईल.”

“वाचू दे. चूक माझी आहे, बाई. ती त्याच्या नावावर कशी करू?”

आई उठली, पिशवी घेतली आणि बाहेर गेली. बाबांनी सही केली. वकीलबाईंनी प्रसूतिगृहाच्या जुन्या नोंदींतून एक कागद आधीच मागवायला सांगितला होता, हरकत माझ्या नावाने होती, त्यासाठी माझ्या वयाचा पुरावा म्हणून. त्यात जन्म सव्वातीनचा होता आणि पतीची सही चार पंचवीसला, असं डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं. चाळीस मिनिटं आणि पंधरा मिनिटांची वाट. हिशेब तंतोतंत जुळला. कागद त्याच दिवशी दाखल झाले आणि त्यांची एक प्रत मामाच्या वकिलाकडे गेली.

आईने बाबांशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, कपडे घडी करून द्यायची, सगळं मुक्याने. बाबांनी एकदाही विनवणी केली नाही. मामाकडून ना फोन, ना निरोप. सुनावणीची तारीख जवळ यायला लागली तसा माझा जीव टांगणीला लागला. वकीलबाईही छातीठोक काही सांगेनात. “चिन्ह टाकून दिल्याचा मुद्दा ते ताणणार. अधिकाऱ्याला पटला तर काही सांगता येत नाही.”

सुनावणीच्या दिवशी आम्ही अर्धा तास आधी पोचलो. लांब व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, दारावर आमचा क्रमांक. मामा समोरच्या बाकावर आपल्या वकिलाशेजारी बसला होता. एकसष्टचा मामा मला पहिल्यांदाच म्हातारा दिसला. आई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता तमाशा होणार.

“किती वाजता पोचला होतास?” तिने विचारलं.

मामाने आधी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. “साडेतीनला, ताई.”

“आणि मग काय करत होतास?”

“भाऊजींना ओढत होतो.”

आई त्याच्या शेजारी बसली. “मला एकदा तरी सांगायचंस रे.”

“शपथ होती.”

मग मामाने माझ्याकडे बोट केलं. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. “आणि ही! ज्या अक्षरापायी मी जन्मभर बोलणी खाल्ली, ते हिने शोभत नाही म्हणून खणात टाकलं. तुम्हाला नकोय ना? मग ते माझं. तुमच्याइतकंच माझं आहे ते!”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं काय होतं त्यात? “चुकलं माझं, मामा,” मी म्हणाले. त्याने मान फिरवली. तेवढ्यात शिपायाने आमचा क्रमांक पुकारला.

आत अधिकाऱ्यांनी दोन्ही फायली उघडल्या. मामाचा वकील उभा राहिला आणि तयारीने बोलू लागला. त्याने खोक्यावरचा माझा सरळ ग दाखवला, तारखा दाखवल्या, टाकून दिलेलं चिन्ह म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अधिकारी टिपून घेत होते. त्यांचं पेन थांबेना, आणि मी त्या पेनाकडे बघत बसले. मग वकिलाने बाबांचं प्रतिज्ञापत्र उचललं. “आणि हे गृहस्थ तर स्वतःच म्हणतात की हे चिन्ह नव्हेच, ही निव्वळ चूक आहे. भीतीपोटी झालेली.” तो ‘भीतीपोटी’ जरा हसून म्हणाला.

मामाने त्याची बाही ओढली. वकिलाने लक्ष दिलं नाही. मामा उभा राहिला.

“साहेब, ग भाऊजींनी कोरला. मी समोर उभा होतो. हसण्यासारखं काही नव्हतं तिथे.”

वकिलाने त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला. मामा बसला नाही. अर्ज मागे घ्यायचा तर काय लिहून द्यावं लागतं, हे त्याने अधिकाऱ्यांनाच विचारलं आणि तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. बाबा भिंतीकडे तोंड करून रुमाल शोधत होते.

आमचा अर्ज आम्ही पुढच्याच आठवड्यात भरला. मी नवीन ठसा भंगारात दिला होता आणि जुना साफ करून टेबलावर ठेवला होता. वकीलबाईंच्या खोलीत या वेळी चौथी खुर्ची मागवावी लागली. चिन्हाच्या वर्णनात त्यांनी लिहिलं, ‘पहिले अक्षर ग, आरशातल्यासारखे उलटे’. मग पुढचा रकाना आला, वापर कधीपासून. मी माझी जन्मतारीख सांगितली.

“अहो,” आई म्हणाली. कित्येक आठवड्यांनी ती बाबांशी बोलत होती, आणि बाबा दचकून सरळ बसले. “निरोप वेळेवर पोचला होता, ते कुठे लिहायचं ते विचारा की यांना.”

“काकू, त्याला रकाना नसतो,” वकीलबाई म्हणाल्या.

“नसेना. मागच्या बाजूला लिहा.”

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला, एक कोरा कागद घेतला आणि आईने सांगितलं तसं, वेळेसकट, लिहून काढलं. बाबांनी खाली सही केली. तो कागद कुठल्याही कार्यालयात गेला नाही; आईच्या पिशवीत गेला. मामा शेजारी बसून चहा पीत होता, मान वर करून.